बाहेर काढून ठेवायच्या गोष्टी

एम्प्रेस गार्डनच्या फाटकापाशी सकाळी सात वाजता आम्ही भेटतो, मी आणि बावाजी. बावाजी म्हणजे माझे जुने साहेब. त्यांच्या हाताखाली मी अठरा वर्षं ड्रॉइंग काढली. आता दोघंही निवृत्त. मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो, ते मला 'तू'. त्यांच्या मराठीत तसं सगळ्या जगालाच 'तू' आहे. आदरानं बोलताना मी त्यांना एकदाच ऐकलंय, ते त्यांच्या जुन्या फियाटशी.

मागच्या पावसाळ्यात, तिसऱ्या फेरीला, ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "तू आमच्या लॉजमध्ये का नाही येत?"

त्यांच्यात असं सरळ विचारायची पद्धत नाही म्हणे. ज्याला यायचं त्यानं आपणहून विचारावं, असा जुना दंडक. पण बावाजी ब्याऐंशीचे झालेत, आणि माझी वाट बघून बहुधा कंटाळले होते. ते फ्रीमेसन, म्हणजे विधी आणि शपथांनी बांधलेल्या एका जुन्या बंधुसंघाचे सभासद, आहेत आणि त्या संघाच्या शाखेला लॉज म्हणतात, हे मला नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. महिन्यातल्या एका ठरावीक संध्याकाळी ते काळा सूट घालून, चामड्याची चपटी बॅग घेऊन ऑफिसातून लवकर निघायचे, आणि आमचा शिपाई डोळा मारून म्हणायचा, "साहेब चालले जादूघरात."

मी म्हटलं, "पण मी ख्रिस्ती आहे."

"मग? मी पारशी आहे. तू देव मानतोस ना? तेवढं पुरे."

त्या 'तेवढं पुरे'पाशी मी चार महिने अडकून पडलो.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापता थापता थांबली. ती वसईची, कॅथलिक. मी नगरकडचा, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतला, म्हणजे आताच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. रविवारी ती मिस्साला जाते, मी उपासनेला. दुपारच्या मटणावर मात्र आमची पूर्ण एकी असते.

"तिकडे गेलात तर कम्युनियन मिळणार नाही," ती म्हणाली.

"तुमच्याकडे मला, प्रोटेस्टंटाला, तसाही तो ख्रिस्तप्रसाद मिळत नाही."

ती हसली नाही. "बायका असतात का त्यात?"

"नाही." इंग्लंडात बायकांची वेगळी लॉज शंभराहून जास्त वर्षं आहेत, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"मग संपलंच," असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

माझं संपलं नव्हतं. मी वाचत बसलो. गुप्त म्हणून गाजलेल्या या संस्थेचे विधी १७३० पासून छापून बाहेर पडलेले आहेत. गुप्त असं फारसं काही उरलेलं नाही. नव्या उमेदवाराचे डोळे बांधतात. डावा गुडघा उघडा, छातीची डावी बाजू उघडी, एका पायातला बूट काढून सपाता, गळ्यात दोराचा फास. अंगावरचा सगळा धातू उतरवून ठेवायचा: नाणी, किल्ल्या, घड्याळ, अंगठी. पुढे त्याच्याकडे दान मागतात आणि द्यायला त्याच्याजवळ काही नसतं. रितं असणं म्हणजे काय ते कळावं म्हणून हे सगळं. मला ते आवडलं. मी बायकोला वाचून दाखवलं.

"गळ्यातला क्रूससुद्धा?" तिनं विचारलं.

आम्ही प्रोटेस्टंट लोक या बाबतीत तसे कोरडे. माझ्या गळ्यात चांदीची साखळी आहे ती लग्नात सासूबाईंनी घातलेली. मी म्हटलं, "धातू तो धातू."

"मग देवाचं नाव घ्यायला आत जायचं आणि क्रूस बाहेर ठेवायचा, हे कसलं देवाचं घर?"

हा तिचा अन्याय होता. एमआरआय काढतानाही क्रूस काढावाच लागतो. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. पूर्वी फारसी लिहिणाऱ्यांनी लॉजला 'फरामोशखाना' असं नाव दिलं होतं, म्हणजे विसरण्याचं घर. आत गेलेला बाहेर आला की विचाराल ते विसरलेला असतो. मला वाटायला लागलं, विसरायची वेळ येताना असते की जाताना?

लॉजच्या भाषेनं मला भुरळ घातली होती हे कबूल करतो. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः मोकळा गवंडी. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, थापी ही त्यांची चिन्हं, आणि देव म्हणजे विश्वाचा महान शिल्पकार. आयुष्यभर टी-स्क्वेअर धरलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? शिवाय आमच्या घरात खराखुरा गवंडी होऊन गेला. माझे आजोबा मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि दगडकामाला लागले. नगर जिल्ह्यातल्या दोन-तीन गावांत चर्चच्या भिंतींना त्यांचा हात लागलाय. त्यांचा पितळी ओळंबा माझ्या टेबलावर असतो. उन्हाळ्यात पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. आजोबा कमरेला पोत्याचा तुकडा बांधायचे. लॉजमधले बंधू कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा ॲप्रन बांधतात, त्यावर चुन्याचा शिंतोडा कधी उडत नाही. बावाजींना हे सांगितलं तेव्हा ते खो-खो हसले. "साला, तुझा आजोबा तर आमच्याहून सीनियर!" त्या सीनियर माणसाला आत घेतलं असतं का, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही.

दीक्षेच्या तिसऱ्या पायरीची त्यांची कथा तर मला अर्धी पाठच होती. बायबलातलं १ राजे, सातवा अध्याय. सोर नगरातला हिराम, नफताली वंशातल्या विधवेचा मुलगा, पितळेच्या कामात तरबेज. शलमोन राजा त्याला बोलावून घेतो आणि तो मंदिराच्या देवडीपुढे दोन खांब उभे करतो. एकाचं नाव याखीन, दुसऱ्याचं बवाज. रविवारच्या शाळेत या नावांवर आम्ही किती खिदळलो होतो. लॉजमध्ये हेच दोन खांब आहेत. फरक पुढे आहे. पवित्र शास्त्रात हिराम आपलं काम पुरं करतो आणि गोष्ट दुसरीकडे वळते. लॉजच्या कथेत तीन कारागीर गुरूचा गुपित शब्द काढून घ्यायला त्याला गाठतात, तो सांगत नाही, मारला जातो. दीक्षा घेणाऱ्याला हिरामच्या जागी आडवा करतात आणि मग हात धरून उठवतात.

मेसन मंडळी म्हणतात, हे एक नाटुकलं आहे, इमान शिकवणारं. त्यानं कुणाचं तारण होतं असा आमचा दावा नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. तरी मरणं आणि उठणं हे शब्द ख्रिस्ती माणसाच्या कानावर नुसते पडत नाहीत. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, असं पौल रोमकरांना लिहितो. एकाबरोबर एकदा पुरलं गेल्यावर दुसऱ्याच्या जागी परत आडवं व्हायचं, नाटकात का होईना, याचं मला कसंतरीच झालं. इंग्लंडच्या चर्चमध्ये ज्यावर बरीच धुसफूस झाली तो मुद्दा वेगळाच होता. रॉयल आर्च नावाच्या वरच्या विधीत देवाचं एक जोडनाव घेत. त्यातल्या एका तुकड्यात टीकाकारांना बायबलातल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतला परका देव बआल ऐकू आला. १९८९ च्या सुमारास ते नावच विधीतून काढून टाकलं. मला त्या बआलाची फारशी भीती वाटली नाही. अक्षरं जोडून दैत्य बनवणं सोपं असतं.

बायकोच्या बाजूला नियम स्वच्छ आहे. लंडनमधल्या लॉजची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे मध्यवर्ती मंडळ, १७१७ साली झाली असं परंपरा सांगते; २८ एप्रिल १७३८ रोजी पोप बारावे क्लेमेंट यांनी बंदीचं फर्मान काढलंसुद्धा. त्यात धर्मसिद्धान्ताचा खल फारसा नाही. वेगवेगळ्या पंथांची माणसं एकत्र जमतात, शपथ घालून गुप्तता पाळतात, आणि वाईट करत नसते तर उजेडाचा एवढा तिटकारा कशाला केला असता, असा सूर आहे. आणि शेवटी, 'आम्हास ठाऊक असलेल्या इतर न्याय्य कारणांस्तव' अशी पुस्ती. गुप्ततेवर झोड उठवणाऱ्या कागदात ही पुस्ती वाचून मी एकटाच हसलो. पण पाच वर्षांनी लिस्बनमध्ये जॉन कूस्तोस नावाच्या रत्नकाराला लॉज चालवली म्हणून इन्क्विझिशननं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयानं, पकडलं आणि त्याचे हातपाय सांध्यांतून निखळेपर्यंत छळलं, हे वाचल्यावर हसू गेलं. त्याच इन्क्विझिशनचं कचेरीघर तेव्हा गोव्यातही चालू होतं.

पुढं हा झगडा धर्माचा कमी आणि राज्याचा जास्त झाला. पोपच्या हातून रोम गेलं ते १८७० साली. इटली एक करणारा गॅरिबाल्डी मेसनांचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, होऊन गेलेला. तेरावे लिओ यांनी १८८४ साली मेसनांवर जे जळजळीत परिपत्रक काढलं, त्यात ती जखम ठसठसते. चर्चच्या १९१७ च्या धर्मकायद्यात तर लॉजमध्ये जाणाऱ्याला सरळ बहिष्कार. १९८३ च्या नव्या कायद्यात मेसनांचं नावच नव्हतं, तेव्हा कित्येकांना वाटलं, सुटलो. पण कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, रोममधून कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीचा खुलासा आला: चर्चचं मत बदललेलं नाही, जो कॅथलिक लॉजमध्ये जातो तो गंभीर पापाच्या स्थितीत आहे, त्यानं ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिलिपिन्समधल्या एका बिशपनी विचारलं तेव्हा तेच उत्तर, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीनं.

याच सुमारास आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी भोळेपणानं एक प्रश्न टाकला, आणि पुढचे दोन दिवस फोनला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मेसन ल्युसिफरला भजतात, हे अमेरिकन मेसन अल्बर्ट पाईकनं स्वतःच लिहून ठेवलंय, पुढे पाठवा. हे पाईकच्या नावावर खपणारं वाक्य कुठून आलं याची गोष्ट मोठी मजेची आहे. पॅरिसमध्ये लिओ ताक्सिल या टोपणनावानं लिहिणारा एक धर्मद्वेष्टा पत्रकार होता. १८८५ साली त्यानं पश्चात्ताप झाल्याचं जाहीर केलं आणि मेसनांच्या सैतानपूजेची 'आतली' वर्णनं लिहायला घेतली. खप धो-धो. पोप लिओंनी त्याला भेट दिली. बिशप मंडळी त्याची पाठ थोपटत होती. १९ एप्रिल १८९७ रोजी त्यानं पॅरिसच्या भूगोल परिषदेच्या सभागृहात लोकांना बोलावलं आणि सांगून टाकलं की बारा वर्षं मी तुम्हाला बनवत होतो, यातलं काहीही घडलेलं नाही. सभा उधळली. पण बनावट गोष्ट काही त्या सभागृहात मेली नाही. सव्वाशे वर्षांनी ती पुण्यात माझ्या फोनवर आली, खाली हात जोडलेले. मी ताक्सिलची हकीकत ग्रुपवर टाकली. कुणी काही बोललं नाही. एका काकूंनी फक्त 'प्रभू तुमचे डोळे उघडो' असं लिहिलं.

आमच्या बाजूला, म्हणजे प्रोटेस्टंटांत, एक उत्तर मिळेल तर शपथ. बायको म्हणते, "तुमचं बरंय, प्रत्येकाला आपापला पोप." खरंच आहे. लॉजची १७२३ सालची घटना ज्यानं लिहिली तो जेम्स अँडरसन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळक. न्यूटनचा सहकारी देसागुलियर्स हा तिसरा ग्रँड मास्टर, तोही अँग्लिकन पाद्री. १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या डोक्यावर मुकुट ठेवणारे कँटरबरीचे आर्चबिशप फिशर मेसन. आणि त्यांच्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेनं १९८७ साली स्वीकारलेला अहवाल सांगतो की या दोन गोष्टींचा मेळ बसतो का याबद्दल मुळातूनच शंका घ्यायला जागा आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९९३ साली ज्यानं त्यानं आपल्या विवेकाला विचारावं म्हणून हात झटकले. स्वीडनमधली लॉज तर ख्रिस्ती नसलेल्याला घेतच नाहीत. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंट या मेसन मंडळानं १८७७ साली देव मानण्याची अटच काढून टाकली, आणि तो ठराव मांडणारा फ्रेदेरिक देमों स्वतः प्रोटेस्टंट पाळक! आमच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "प्रार्थना करा, प्रभू दाखवील." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

शपथेचा मुद्दा मात्र मला साधा वाटला नाही. 'शपथ वाहूच नका. तुमचं होय ते होय, नाही ते नाही' हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य आमच्याकडे पोरालाही पाठ असतं. लॉजची शपथ जुन्या काळी भलती रक्तबंबाळ होती. गुपित फोडलं तर गळा चिरला जावा, जीभ उपटली जावी, असलं काही. इंग्लंडमध्ये १९८६ साली ते शपथेतून वगळलं. बावाजी म्हणाले, "अरे ते बोलायचं असते, कोण कापतो?" मला वाटलं, कुणी कापणार नसेल तर शास्त्रावर हात ठेवून म्हणायचं तरी कशाला?

पण खरी गोष्ट अँडरसनच्या घटनेत आहे. त्याच्या आधीच्या, खऱ्याखुऱ्या गवंड्यांच्या जुन्या सनदा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं सुरू होतात. अँडरसननं ते काढलं. मेसनाला तेवढाच धर्म लागू ज्यावर सगळी माणसं एकमत आहेत. बाकीची मतं ज्याची त्याच्यापाशी. का काढलं हे कळायला फार अक्कल लागत नाही. त्याच्या आजोबाच्या पिढीनं त्या नावाच्या वेगवेगळ्या उच्चारांवरून एकमेकांची मुंडकी उडवली होती. नाव बाजूला ठेवू, एका टेबलाशी बसू. हे वाईट मनानं केलेलं नव्हतं.

आणि ते टेबल खरोखर मांडलं गेलं, आपल्या मुंबईतसुद्धा. १८४० च्या सुमारास माणेकजी खरसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या गोऱ्या लॉजनं दारातून परत पाठवलं. ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले. १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज हिंदी लोकांसाठी काढली. पुढे फिरोजशहा मेहता त्याच लॉजचे. हिंदूंना दार उघडायला आणखी वेळ लागला. अनेक देव मानणारा माणूस एका देवाची शपथ कशी घेणार, हा वाद कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षं लढवला आणि १८७२ साली ते आत गेले. आज भारतातल्या लॉजमध्ये बायबल, कुराण, गीता, अवेस्ता, ग्रंथसाहेब शेजारी शेजारी ठेवतात. ज्याचा जो ग्रंथ त्यावर त्याचा हात. बावाजी हे सांगताना आवाज खाली आणतात. मग एकदा त्यांनी माझ्या वर्मावर बोट ठेवलं.

"हे बघ. आमच्या अग्यारीत तुला येता येत नाही. तुझ्या चर्चमध्ये मी येईन, पण पाहुणा म्हणून बसेन. आपण दोघं बरोबरीनं उभं राहून देवाचं नाव घेऊ, अशी जागा सांग मला. एकच आहे."

यावर मी काय बोलणार? आमच्या मंडळीत तरी सगळे बरोबरीनं उभे असतात का? लग्नाची बोलणी सुरू झाली की अजून विचारतात, "मूळचे कोण?" माझ्या चुलतबहिणीचं ठरलेलं लग्न त्या एका प्रश्नावर मोडलं, आणि दोन्ही घरं प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकत होती. पाव एक, प्याला एक, मूळ मात्र वेगळं. लॉज निदान मूळ विचारत नाही. वर्गणी विचारते, सूट विचारते, बाई आहे का पुरुष विचारते. १८४७ पर्यंत 'जन्मानं स्वतंत्र' आहेस का, म्हणजे गुलामाच्या पोटचा नाहीस ना, हेही विचारत होती. म्हणजे विचारणं आहेच.

मी होकार देण्याच्या अगदी काठावर आलो होतो, आणि मग एका रात्री पणजोबा आठवले.

आठवले म्हणजे त्यांची आजीकडून ऐकलेली गोष्ट. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांचं बलुतं बंद केलं. जातीतल्या लोकांनीही हात आखडला. पाटील वाईट माणूस नव्हता, त्यानं रात्री बोलावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "देव मान की. कोण नको म्हणतंय? सगळे देव एकच. ते नाव तेवढं नको घेऊस, मी उद्यापासून तुझा वाटा चालू करतो." पणजोबा घरी आले, भाकरीच्या टोपल्यात बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन नगरची वाट धरली.

देव मान. नाव तेवढं सोड. बावाजींचं 'तेवढं पुरे' आणि पाटलाचं हे, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बावाजी प्रेमानं बोलावत होते, आणि पाटलानं जे मागितलं त्यामागं उपासमार उभी होती. तरी मागणी तीच होती.

नाव न घेता देव मानण्याला मी हलकं समजत नाही. जोतिरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हा कुठल्याच पोथीतलं नाव न घेता देवाला निर्मिक म्हटलं, तेही उघड्यावर, ज्यांना कुठल्याच दारात उभं करत नव्हते त्यांना बरोबर घेऊन. पण मला या सगळ्यात बाबा पदमनजी जास्त जवळचे वाटतात. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंगांनी परमहंस सभा काढली. जात मोडायची, एक देव मानायचा, आणि सगळं गुपचूप. आत येणाऱ्यानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा. आत पाव खायचा आणि बाहेर तोंड पुसून जातीत वावरायचं. मुंबईकरांची ही आपली लॉजच म्हणा. तरुण पदमनजी त्या सभेत होते. जातीनं कासार, म्हणजे धंदा हिरामचाच! पण १८५४ साली बेळगावात त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला आणि घरदार दुरावून बसले. इकडे १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार या धास्तीनं सभा विरून गेली. गुपचूप पाव खाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घरच्यांची तोंडं आठवून मीही गुपचूपच खाल्ला असता. पण पदमनजींना तो पाव लपवून पुरला नाही.

आणि आमच्या नगरचे नारायण वामन टिळक. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव घुसमटला तेव्हा १९१७ साली त्यांनी मिशन सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे एकत्र. भिंत पाडायची तर तीही पाडली त्यांनी. पाडली नाही ती एकच गोष्ट. दरबार होता तो ख्रिस्ताच्या शिष्यांचा. टिळकांनी चर्च सोडलं आणि नाव धरलं. लॉजनं चर्चची सगळी अदब ठेवली, वेदी, शास्त्र, प्रार्थना, आमेनसुद्धा, आणि नाव तेवढं गाळलं. मला दोन्हींतलं एक निवडायचं तर मी साताऱ्याच्या बाजूचा.

म्हणून कुणी ख्रिस्ती माणूस लॉजमध्ये गेला की त्याचा विश्वास खोटा, असं मी म्हणणार नाही. गेलेल्यांत माझ्याहून चांगले ख्रिस्ती असतील. ज्याच्या घरात त्या नावासाठी कधी चूल विझली नाही, त्याला ते दोन तास खिशात ठेवणं जड जाणार नाही कदाचित. मला जाईल.

डिसेंबरात बावाजींना सांगितलं. पाटलाची गोष्टही सांगितली. ते ऐकत राहिले. एक अख्खी फेरी झाली. मग म्हणाले, "आणि मनात घेतलं तर? मनात कोण अडवतो तुला?"

त्याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पणजोबांनाही मनात घेता आलं असतं. मी तसं म्हणालो नाही. आम्ही वडाखालच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यालो, आणि ते त्यांच्या फियाटच्या क्लचबद्दल बोलायला लागले.

मार्चमध्ये ते न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. उशाशी त्यांच्या सद्र्याची घडी आणि कस्ती, पारशांची कमरेला बांधायची पवित्र दोरी, होती. जायला उठलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "काहीतरी बोल ना तुझ्या त्या चर्चसारखं."

मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. डॉक्टरांच्या हातांसाठी, त्यांच्या मुलीच्या विमानासाठी, त्या हाडासाठी. शेवटाला आलो आणि अडखळलो. पस्तीस-चाळीस वर्षं रोज ज्या शब्दांनी प्रार्थना संपवतो ते ओठांवर येऊन थांबले. पारशी माणूस, उशाशी कस्ती, उद्या ऑपरेशन. मी गप्प झालो.

बावाजींनी एक डोळा उघडला.

"तुझं ते शेवटचं राहिलं," ते म्हणाले. "मोठ्यानं बोल. आणि लवकर, सूप गार होते."